दारातली दमदाटी आणि कंपनीचा कानाडोळा

(राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबर २०२५ रोजी, सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी, जे निवृत्त बँक अधिकारी आहेत, केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सचिव साहेबांनी मला ‘ग्राहक जागृती’ असा विषय दिला. विषयाचं नाव ऐकूनच माणसाला जांभई येते. मी सदतीस वर्षं बँकेत काढली, तेव्हा असली भाषणं पुष्कळ ऐकली आणि खरं सांगायचं तर दोन-चार ठोकलीसुद्धा. म्हणून आज भाषण करत नाही. आपल्याच जिन्यात घडलेली गोष्ट सांगतो. अर्ध्या लोकांना ती अर्धवट माहीत आहे. पूर्ण ऐका, मग काय करायचं ते ठरवू.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळं होऊन हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, कर्मचारी आले. भाड्याच्या खोल्या मिळेनात. तेव्हा आपण बत्तीस कुटुंबं एकत्र आलो आणि ही सोसायटी उभी राहिली. तीन मजले बांधले, पैसे संपले, लिफ्ट राहून गेली. तेव्हा आपण चाळिशी-पन्नाशीत होतो. गॅसची टाकी संपली तर स्कूटरवर पुढं ठेवून एजन्सीत जायचो आणि भरलेली आणून खांद्यावर वर चढवायचो. आता गुडघे बोलायला लागले. पोरं पुण्याला, हैदराबादला, कुणाची त्याहून लांब. घरात म्हातारा-म्हातारी, नाहीतर दोघांपैकी एकच. आणि घरात जे काही लागतं ते सगळं दारात येतं: गॅस, औषधं, किराणा, कपडे, नातवानं पाठवलेला मोबाईल. म्हणजे आपलं जगणं आता दारात येणाऱ्या माणसावर टेकलंय. तो माणूस चांगला असला तर ठीक. तो गुरकावला तर?

मागच्या वर्षीची, दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या वहिनी, त्यांचं नाव मी घेत नाही, त्या एकट्या राहतात. गॅस आला. पावतीवरच्या रकमेच्या वर आणणाऱ्यानं पन्नास रुपये मागितले. आधी वीस होते, मग तीस झाले, आता पन्नास. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, पावतीवर तर एवढे नाहीत." झालं. त्यानं टाकी फरशीवर दाणकन आपटली आणि म्हणाला, "पुढच्या टायमाला गॅस येतो का बघा मावशी. एकट्या राहता तुम्ही, ध्यानात ठेवा."

वाक्य एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. पण एकट्या राहणाऱ्या बाईला हे वाक्य रात्री कसं ऐकू येतं, याचा विचार करा.

वहिनींनी पन्नास रुपये दिले. पुढची टाकी संपली तेव्हा त्यांनी नंबरच लावला नाही. मुलानं कधीकाळी आणून दिलेली विजेची शेगडी बाहेर काढली. त्यावर चहा आणि खिचडी. भाकरी बंद. वीस दिवस! आमच्या घरी हळदी-कुंकवाला आल्या तेव्हा सौ.नं विचारलं, "काहून वाळल्या हो वहिनी?" तेव्हा कुठं हे बाहेर आलं. आम्ही बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. वीस दिवस आम्हाला पत्ता नाही.

मला राग आला. आधी त्या माणसाचा आला, मग स्वतःचा. कारण तेच वीस, तेच तीस मीही देत होतो. "जाऊ द्या, कुठं वाद घालता," असं म्हणत. मला पेन्शन आहे, मला वीस रुपयांचं काही वाटत नाही. पण मी न बोलता दिलेले वीस रुपये वहिनींच्या दारात पन्नास होऊन गेले.

मग मी फोन लावला. कंपनीचा हेल्पलाइन नंबर. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. गाणं वाजतंय. पंधरा मिनिटांनी एक मुलगी बोलली. बिचारी गोड बोलली. वहिनींचा ग्राहक क्रमांक घेतला, तक्रार लिहून घेतली, नंबर दिला. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या मोबाईलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कुणी केलं? कधी केलं? कुणाचा फोन नाही, कुणी आलं नाही.

म्हणजे आलं एक जण. चौथ्या दिवशी तोच गॅसवाला दारात उभा. हातात मोबाईल, त्यावर वहिनींचं नाव आणि तक्रार क्रमांक. "मावशी, माझी कंप्लेंट तुम्हीच केली ना?"

मंडळी, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात तक्रारदाराचं नाव-पत्ता देऊन "तू मिटव आणि ये" म्हणून पाठवायचं, याला तक्रार निवारण म्हणत नाहीत. याला म्हणतात एका म्हातारीला त्या माणसासमोर एकटं उभं करणं. त्या माणसाच्या दमदाटीपेक्षा मला हे जास्त भयंकर वाटलं. तो तापट असेल, दमलेला असेल. पण हे ज्यांनी केलं ते खुर्चीवर, पंख्याखाली बसलेले होते.

आणि इथं मला माझ्याच जुन्या पापाची कबुली द्यायची आहे. रौप्यमहोत्सव आहे, खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. शाखेचं नाव सांगत नाही. आमच्याकडे एक कर्मचारी होता, खेड्यातल्या लोकांवर फार ओरडायचा. "अंगठेबहाद्दर, रांगेत उभं राहता येईना का!" असं. एक दिवस धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ माझ्या टेबलाजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तक्रारवही द्या." बँकेत तक्रारवही ठेवायची असते. तिची पानं छिद्र पाडलेली असतात. तक्रार लिहिली की एक प्रत फाडून तिथल्या तिथं ग्राहकाला द्यायची, पोच म्हणून. वही होती. माझ्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी काय केलं? त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, "बाबा, मी बघतो त्याच्याकडं," म्हणालो. ते चहा पिऊन गेले. मी काही बघितलं नाही. कारण वहीत लिहिलं असतं तर वर उत्तर द्यावं लागलं असतं. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विरघळून गेलं.

म्हणून आज मी तुम्हाला टेबलाच्या पलीकडून सांगतो. कुठल्याही ऑफिसला, कुठल्याही कंपनीला तोंडी तक्रारीची भीती नसते. आरडाओरडा करणाऱ्या ग्राहकाचीही नसते. तो दोन मिनिटांत दमतो. भीती असते ती तारीख, रक्कम, पावती क्रमांक घालून लिहिलेल्या आणि पोच घेतलेल्या कागदाची. त्याहून जास्त भीती तसल्याच दहा कागदांची, एकाच दिवशी आलेल्या.

तेव्हा आम्ही ते केलं. एका रविवारी दुपारी वहिनींच्याच घरी बसलो. मी प्रत्येकाला एकच विचारलं, "शेवटच्या टाकीला वर किती दिले?" आधी कुणी बोलेना. वीस रुपयांसाठी कुठं तक्रार करायची, याची लाज वाटते माणसाला. मग एकेक करत बोलायला लागले. कुणी तीस, कुणी पन्नास. तिसऱ्या मजल्यावरच्यांना ऐंशी! मी बँकेचा माणूस, तिथंच हिशेब मांडला. बत्तीस घरं, घरटी वर्षाला आठ टाक्या धरा, सरासरी चाळीस रुपये. दहा हजार दोनशे चाळीस रुपये, एका वर्षाचे, एका सोसायटीचे. एवढ्यात आपली पाण्याची मोटार दुरुस्त झाली असती.

आता नियम काय आहे ते नीट ऐका. घरगुती सिलेंडरच्या पावतीवर जी किंमत असते तिच्यातच घरपोच देण्याचा आकार धरलेला असतो. मजला कितवाही असो, वर वेगळं काही द्यायचं नसतं. उलट आपण स्वतः गोडाऊनवरून टाकी आणली तर त्यातून काही रक्कम कमी व्हायला पाहिजे. दुसरं, टाकीत गॅस १४.२ किलो असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर यायला पाहिजे. आणणाऱ्याजवळ वजनकाटा असला पाहिजे आणि आपण मागितलं तर वजन करून दाखवलं पाहिजे. तिसरं, सील बघायचं, टोपण काढून गळती तपासून घ्यायची. चौथं, टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती त्या टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटून गेलेली टाकी घ्यायची नाही, परत करायची. आणि मोबाईलवर जो कोड येतो तो टाकी घरात आल्यावर, हे सगळं बघून झाल्यावर सांगायचा. खाली गाडीजवळ उभं राहून "आधी कोड सांगा" म्हणाला तर, "वर ये बाबा, मग सांगते," असं म्हणायचं. कोड म्हणजे आपली सही आहे. माल बघायच्या आधी सही मी बँकेत कुणाला करू दिली नाही.

हे सगळं लिहून आम्ही सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र तयार केलं. सोबत चोवीस घरांचा तक्ता जोडला: तारीख, पावती क्रमांक, पावतीवरची रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, सही. पत्राच्या तीन प्रती केल्या. एक एजन्सीला, एक कंपनीच्या विभागीय कार्यालयाला, एक जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना. एजन्सीत हातोहात देऊन शिक्क्यासह पोच घेतली, बाकीच्या दोन रजिस्टर पोस्टानं. आणि वहिनींना मिळालेल्या धमकीचा वेगळा परिच्छेद लिहिला. तो तक्त्यात मिसळला नाही. पैशाचा विषय वेगळा, धमकीचा वेगळा.

एजन्सीत मी, सचिव साहेब आणि दोन भगिनी गेलो. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "काका, पोरं खुशीनं मागतात, तुम्ही खुशीनं देता. आम्ही काय करणार?" मी म्हणालो, "साहेब, खुशीनं दिलं असतं तर आमच्या वहिनींनी वीस दिवस भाकरीवाचून काढले नसते." ते गप्प झाले. मग माझ्या बरोबरच्या भगिनींनी विचारलं, "त्याला आमच्या वहिनींचं नाव कुणी दिलं?" याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. आजपर्यंत मिळालेलं नाही.

बाहेर आलो तर तोच पोरगा गाडीवर टाक्या चढवत होता. माझे पाय तिकडं वळले. सचिव साहेब म्हणाले, "कशाला?" पण मी गेलो. वय असेल सव्वीस-सत्तावीस. मी म्हणालो, "तू एकट्या बाईला असं बोलायला नको होतंस." आधी त्यानं नजर चुकवली. मग बोलायला लागला. टाकीमागं त्याला फार थोडे पैसे मिळतात. गाडीवरच्या जोडीदाराची मजुरी कुणी द्यायची यावर रोज भांडण. मालक म्हणतो, "वरचं गिऱ्हाइकाकडून काढ." भरलेली टाकी म्हणजे जवळजवळ तीस किलो वजन. आपल्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. दिवसात किती वेळा हे चढणं-उतरणं, मोजा तुम्हीच. "आणि काका," तो म्हणाला, "तुमच्या सोसायटीत मला आजवर पाणी कुणी विचारलं नाही."

हे ऐकून मी खाली बघितलं. खरं होतं ते.

पण मंडळी, इथं गल्लत करू नका. त्याची मजुरी कमी आहे हे खरं. म्हणून त्याला एकट्या बाईला धमकावण्याचा हक्क मिळतो का? नाही. आणि त्यानं धमकावलं म्हणून त्याच्या मजुरीचा प्रश्न खोटा ठरतो का? तोही नाही. मजुरी द्यायची एजन्सीनं आणि कंपनीनं. ते ती देत नाहीत आणि त्याला आमच्या दारात सोडतात. मग तो आमच्यावर ओरडतो, आम्ही त्याच्यावर ओरडतो, आणि ज्यांनी बोलायला पाहिजे ते गप्प बसतात.

म्हणून आमच्या पत्रात "त्याला काढून टाका" असं आम्ही लिहिलं नाही. काही सभासदांना ते आवडलं नाही, मला माहीत आहे. पण त्याला काढला असता तर त्याच मजुरीत दुसरा आला असता आणि त्यानंही पन्नासच मागितले असते. आम्ही चार गोष्टी मागितल्या. पावतीइतकेच पैसे घ्यायचे. वजनकाटा बरोबर ठेवायचा. तक्रार करणाऱ्याचं नाव आणणाऱ्याला द्यायचं नाही. आणि धमकी देणाऱ्याला आमच्या दारात परत पाठवायचं नाही, त्याला दुसरीकडं काम द्या.

निकाल काय लागला? पंधरा दिवसांत एजन्सीत दरपत्रक लागलं. आपल्या भागात दुसरा माणूस यायला लागला. वर पैसे मागणं थांबलं. कंपनीच्या विभागीय कार्यालयाचं दोन ओळींचं पत्र दीड महिन्यानं आलं, त्यात ‘योग्य त्या सूचना देण्यात आल्या आहेत’. वहिनींची माफी कुणी मागितली नाही. आणि वहिनी अजूनही गॅस यायच्या दिवशी सौ.ला हाक मारतात, "वर या हो जरा." पैसे परत मिळवता येतात. गेलेला निर्धास्तपणा मिळायला वेळ लागतो.

आता हे फक्त गॅसचं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आपल्या शिक्षक मित्रांनी ऑनलाइन मिक्सर मागवला. पार्सलवाला खालून ओरडतोय, "ओटीपी सांगा लवकर, टाइम नाही!" त्यांनी घाबरून सांगितला. खाली जाईपर्यंत गाडी गेली. मोबाईलवर संदेश, ‘डिलिव्हर्ड’. कंपनीशी चॅट केलं तर समोर माणूस नाही, यंत्र. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दहा वेळा दिलगीर झालं ते यंत्र, मिक्सर काही आला नाही.

इथं मात्र एक गोष्ट उपयोगी पडली. ई-कॉमर्ससाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम झाले आहेत. त्याप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावं लागतं. ते नाव पार खाली, बारीक अक्षरात असतं. आपल्या नातवानं शोधून दिलं. त्या अधिकाऱ्याला मेल गेला आणि शिवाय १९१५ वर तक्रार गेली. नवव्या दिवशी पैसे परत. यंत्र दिलगीर होत होतं ते नियमाचं नाव काढल्यावर माणूस झालं.

हे कायदे आभाळातून पडले नाहीत. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी छोटे संघ करून एकत्र माल घ्यायचा, ही त्यांची रीत. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय हे माहीत असणं, हीच ग्राहक चळवळीची सुरुवात होती. मग २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणून आजचा दिवस. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की सरकारी संस्थेनं ग्राहकाचा जो छळ केला त्याचीही भरपाई मिळते आणि ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करता येते. आमच्यासारख्या खुर्चीवाल्यांनी तेव्हा तो निकाल वाचला असता तर बरं झालं असतं. आणि २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे.

या कायद्यात आपल्यासारख्या लहान गावातल्या माणसासाठी एक मोठी सोय आहे. कंपनी मुंबईची असो की बंगळूरची, तक्रार आपण जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते. मुदत दोन वर्षांची. एकाच प्रकारचं गाऱ्हाणं असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं मिळून एक तक्रार करता येते. उशीर होतो का? होतो. पण आयोगात जाण्याची तयारी आहे हे कळलं तरी निम्मी प्रकरणं आधीच मिटतात, हा माझा बँकेच्या काउंटरमागचा अनुभव आहे.

आता फ्रिजवर चिकटवायच्या चार गोष्टी सांगतो. भगिनींनो, लिहून घ्या.

एक. गॅस गळतीचा वास आला तर १९०६, दिवस-रात्र. गॅसबद्दल इतर तक्रार असेल तर १८००-२३३३-५५५. वजनात मारल्याचा संशय असेल तर वैधमापन शास्त्र विभाग.

दोन. कुठल्याही वस्तूची किंवा सेवेची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. पण आधी कंपनीकडं तक्रार करून तिचा क्रमांक घेऊन ठेवा. आणि ‘निवारण झालं’ असा खोटा संदेश आला तर त्याच दिवशी ‘झालेलं नाही’ असं लेखी कळवा. गप्प बसलो तर ते आपली संमती धरतात.

तीन. दारात कुणी धमकी दिली तर तो ग्राहक तक्रारीचा विषय राहिला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे धमकी देणं हा गुन्हा आहे. वाद घालू नका, शेजाऱ्याला हाक मारा, ११२ लावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. पन्नास रुपये देऊन दार लावून घेण्यात कमीपणा नाही, त्या क्षणी जीव महत्त्वाचा. पण तासाभरात कुणाला तरी सांगा. वीस दिवस मनात ठेवू नका.

चार. आपली सोसायटी. सचिव साहेबांच्या घराबाहेर आजपासून एक वही राहील. तिची पानं छिद्रांची आहेत, मी मुद्दाम नांदेडहून करून आणली. कुणाच्याही दारात असं काही घडलं तर तारीख टाकून लिहायचं आणि एक प्रत फाडून घरी न्यायची. या वहीला कपाट नाही आणि किल्ली नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. नीती आयोगानं २०२२ च्या अहवालात अंदाज दिला होता की २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख लोक असं ॲपवरचं, फेरीचं काम करत होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. हे कोण आहेत? सेनगावची, कळमनुरीची, औंढ्याची पोरं आहेत. आपल्याच नात्यातली पोरं आज पुण्यात पाठीवर पिशव्या अडकवून पावसात फिरतात. तिकडं त्यांच्यावर कुणी ओरडलं तर आपल्याला कसं वाटतं? मागच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. अशा कामगारांची कायद्यानं पहिल्यांदा देशपातळीवर नोंद घेतली आहे. त्यांचं नीट झालं तर आपल्या दारातला आवाजही खाली येईल, असं मला वाटतं.

तोवर एवढं करू. जिन्याखाली एक माठ आणि दोन पेले ठेवू. माझ्या घरासमोर ठेवले आहेत, आठ महिने झाले. नवीन गॅसवाला रोज पाणी पितो, "काका, बरं आहे ना?" असं विचारतो. पावतीइतकेच पैसे घेतो. आणि एकदा त्यानंच सांगितलं, "वरच्या मावशीचं दार तीन वेळा वाजवलं, उघडलं नाही, जरा बघा." वहिनींना ताप होता. त्या दिवशी दवाखान्यात वेळेवर गेल्या ते त्याच्यामुळं.

वहिनी समोरच बसल्या आहेत. त्यांनी परवानगी दिली म्हणून हे सगळं बोललो. मी म्हणालो, "वहिनी, तुमची गोष्ट सांगू का सभेत?" त्या म्हणाल्या, "सांगा. पण माझी भाकरी बंद होती हे नका सांगू, लोक हसतील."

वहिनी, मी ते सांगितलं. कुणी हसलं नाही.